बेसबॉलचा अंपायर, मुक्काम अल कुसैस

बाबा शिडीवर उभे राहून कुणाच्या तरी एसीचं झाकण उघडत असताना एक वाक्य बोलून गेले, आणि माझे पुढच्या काही वर्षांचे शुक्रवार ठरून गेले.

बाबा एका कंपनीत एसी मेकॅनिक. त्या दिवशी ते दुबईत समुद्राच्या बाजूच्या एका व्हिलात काम करत होते. घरमालक अमेरिकन. तो फोनवर कुणाला तरी वैतागून सांगत होता की येत्या शुक्रवारी मुलांच्या मॅचला अंपायरच मिळत नाहीये. बाबांनी वरूनच सांगून टाकलं, "सर, माय सन अंपायर. व्हेरी गुड अंपायर."

संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढता काढता त्यांनी मला ही बातमी दिली.

"कसला अंपायर हवाय त्यांना?" मी विचारलं.

"बेसबॉलचा."

"बाबा, मी बेसबॉल कधी बघितलेलासुद्धा नाही."

"अंपायर म्हणजे अंपायर. कुसैसच्या ग्राउंडवर एवढे बाप्ये तुझ्या अंगावर धावून येतात, तेव्हा ऐकतोस का कुणाचं? मग? ही तर बारकी पोरं आहेत."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऊन किती असेल! टोपी तरी देणार आहेत का?"

कुसैसचं ग्राउंड म्हणजे गोदामांच्या मागची मोकळी वाळू. तिथे शुक्रवारी टेनिस बॉलचं क्रिकेट चालायचं. खेळणारे सगळे ड्रायव्हर, फिटर, स्टोअरकीपर, बरेचसे आमच्या कोकणातले. मला बॅटिंग जमत नव्हती, बोलिंग तर त्याहून नाही. तरी मला अंपायर करायचे, कारण मी बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं होतं. "कॉलेजवाला आहे, खोटं नाही बोलणार," असं सगळ्यांचं मत होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ऊद मेथाला संध्याकाळी बी.कॉम.चे वर्ग भरायचे, तिथे मी शेवटच्या बाकावर बसायचो आणि प्रश्न विचारायला घाबरायचो. वाळूत मात्र एक बोट वर केलं की चाळिशीचा माणूससुद्धा बॅट काखोटीला मारून निघून जायचा. ते मला फार आवडायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर त्या शुक्रवारी सकाळी मी बस बदलत बदलत बेसबॉलच्या मैदानावर पोचलो. तिथे एक उंच, लाल चेहऱ्याचे म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांना सगळे काहीतरी टोपणनावाने हाक मारत. मी 'सर' म्हणालो आणि शेवटपर्यंत सरच म्हणत राहिलो. जबल अलीच्या एका कंपनीत ते सेफ्टीचं काम बघत. पण त्याआधी अमेरिकेत कित्येक वर्षं ते पगारी बेसबॉल अंपायर होते, हे मला नंतर कळलं.

"क्रिकेटचा अंपायर ना?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ठीक आहे. माझे गुडघे आता वाकत नाहीत. मी बेसवर उभा राहतो, तू प्लेटच्या मागे जा. यल्ला!"

यल्ला म्हणजे 'चल'. त्यांना येणारा अरबी शब्द तेवढा एकच होता आणि तो ते कुठेही वापरत.

प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी रबराची पाटी. फलंदाज तिच्या बाजूला उभा राहतो, त्याच्या मागे कॅचर उकिडवा बसतो आणि कॅचरच्या मागे अंपायर. माझ्या छातीवर गादीसारखं कवच बांधलं, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवला. सरांनी मिनिटभरात नियम सांगितला. पाटीच्या वर, फलंदाजाच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत एक चौकट आहे असं समजायचं. चेंडू चौकटीतून गेला तर 'स्ट्राइक', बाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज आउट, चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे प्लेटपासून सुरू होऊन प्लेटपाशीच संपणाऱ्या फेरीतल्या तीन थांब्यांपैकी पहिल्यावर.

पहिला चेंडू आला. अगदी मधोमध. कॅचरच्या हातमोज्यात थाड्कन बसला. मी बघितला, मला तो आवडलाही. मग मी नुसताच उभा राहिलो.

चेंडू टाकणारा पिचर माझ्याकडे बघत होता. कॅचरने मान वळवली. फलंदाज बघायला लागला. खुर्च्या टाकून बसलेले आईबाप बघायला लागले. सर मैदानाच्या मधून ओरडले, "पोरा, झोपलास की वारलास?"

"सर, कुणी विचारलंच नाही!"

खरंच मी वाट बघत होतो. क्रिकेटमध्ये फिल्डिंग करणाऱ्यांनी ओरडून विचारल्याशिवाय अंपायर कुणाला आउट देत नाही. माझ्या अंगात ते इतकं मुरलेलं होतं की कुणीतरी "हाऊज दॅट" म्हणेल म्हणून मी कान टवकारून उभा होतो. सर हातातली टोपी मांडीवर आपटत हसत सुटले. "इथे कुणी विचारणार नाही, हबीबी. प्रत्येक चेंडूला तूच सांगायचं. प्रत्येक!"

हबीबी, म्हणजे 'दोस्ता', हा त्यांचा दुसरा अरबी शब्द. मघाशी मी चुकीचं सांगितलं.

त्याच डावात तिसरा गडी बाद झाला, म्हणजे बाजू बदलायची वेळ झाली, तेव्हा मी सवयीने एक बोट वर केलं. पोरं जागची हलेनात. त्यांना वाटलं, मी सांगतोय की आत्ता कुठे एकच आउट झालाय. बेसबॉलमध्ये आउटला मूठ वळायची असते. सर गुडघे धरत आले, माझं बोट पकडलं आणि स्वतःच्या हाताने मिटवलं.

इतकी फजिती होऊनही मी घरी परतलो तो जवळजवळ उड्या मारतच. क्रिकेटच्या अंपायरला तासातून एखादा निकाल द्यावा लागतो. इथे दर पंधरा-वीस सेकंदांनी एक चेंडू येत होता आणि प्रत्येकाचा निकाल माझा! दुपारी जेवताना मी आईला लाटणं हातात धरायला लावून फलंदाज म्हणून उभी केली आणि चौकट समजावून सांगितली. बाबा म्हणाले, "बघ, मी सांगितलं नव्हतं?"

त्यानंतर हिवाळाभर मी दर शुक्रवारी जात राहिलो. तिथे हिवाळ्यातच खेळतात, उन्हाळ्यात मैदानावर उभं राहणं शक्य नसतं. जुम्म्याच्या नमाजाआधी सगळे सामने संपवायचे असत, त्यामुळे पहाटेच्या धुक्यात सुरुवात व्हायची. कधी कधी तर पिचरच नीट दिसत नसे आणि चेंडू धुक्यातून एकदम समोर यायचा. सरांनी मला एकेक गोष्ट शिकवली. मुखवटा डाव्या हाताने काढायचा, कारण उजवा हात निकालासाठी. प्लेटवरची वाळू छोट्या ब्रशने झाडताना पाठ खेळाडूंकडे करायची आणि तोंड प्रेक्षकांकडे, कारण बघायला आलेल्यांना आपलं ढुंगण दाखवत नाहीत. हे ऐकून मला अमेरिकन लोक एकदम आपल्यातले वाटले. आणि चेंडू मोज्यात बसल्यावर लगेच ओरडायचं नाही. आधी बघायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं.

बोलणं हीच माझी अडचण होती. माझा आवाज बाहेर यायचा नाही. सर म्हणत, "तुझा स्ट्राइक मला शोकसभेसारखा ऐकू येतो." शिवाय निकाल देण्याआधी माझी मान आपोआप त्यांच्याकडे वळायची. ते माझ्याहून किती मोठे, किती अनुभवी! त्यांच्यासमोर मी परस्पर निकाल कसा द्यायचा? आमच्याकडे वडीलधारं माणूस बसलेलं असताना आपण आधी तोंड उघडत नाही. सर भयंकर चिडायचे. "माझ्या थोबाडावर काय लिहिलंय? चेंडू तिकडे आहे!"

सामने संपले की आम्ही रस्त्यापलीकडच्या मल्याळी माणसाच्या कॅफेटेरियात चहा घ्यायचो. तिथेच एकदा मी धीर करून विचारलं, "सर, पगारी अंपायर कसं होतात?"

त्यांनी टेबलावरचा साखरेचा डबा, मिठाची बाटली, कप असं जे हाताला लागलं ते एका रांगेत मांडलं. पहिली वस्तू म्हणजे शाळा. अमेरिकेत अंपायरांच्या शाळा असतात, थंडीत काही आठवडे चालतात. सकाळी मैदान, दुपारी नियमांचे वर्ग. आलेल्यांपैकी थोड्यांनाच पुढे घेतात. मग सगळ्यात खालची लीग. दोन अंपायर, एक गाडी, सामना संपला की दोघांनी आळीपाळीने गाडी हाकत पुढचं गाव गाठायचं. तिथून एकेक पायरी वर. कुणीतरी न सांगता येऊन प्लेटमागच्या जाळीपलीकडे बसतं, तुमचं काम बघतं आणि निघून जातं. वर्षाच्या शेवटी तुम्ही एक पायरी चढता किंवा घरी जाता. सगळ्यात वर अगदी मोजकी माणसं, आणि त्यांच्यातलं कुणी निवृत्त झालं तरच जागा होते.

"तुम्ही कुठपर्यंत गेलात?"

त्यांनी रांगेतल्या शेवटच्या वस्तूच्या अलीकडच्या कपावर बोट ठेवलं. "इथे. बरीच वर्षं. मग एक दिवस फोन आला. वर जागा नाही, खालून पोरं येतायत, तेव्हा तू ही जागा मोकळी कर. खलास."

तिसरा अरबी शब्दही निघाला.  मग सरांनी साखरेच्या डब्याच्याही अलीकडे, टेबलाच्या अगदी कडेला एक टूथपिक ठेवली. "तू अजून टेबलावरसुद्धा नाहीस. पहिलं पाऊल हे. तुझ्या ओळखीच्या नसलेल्या माणसाने तुझं काम बघून तुला निवडायला हवं. मी निवडून उपयोग नाही, मी तुझा दोस्त झालोय."

ती संधी पुढच्या मोसमात आली. आखातातल्या मुलांच्या संघांची स्पर्धा त्या वर्षी दुबईत होणार होती. कुवेत, बहारीन, सौदीमधून संघ येणार होते. अंपायर नेमण्याचं काम बहारीनला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे होतं. एक जागा शिल्लक होती आणि तिच्यासाठी ते माझा एक सामना बघायला येणार होते. त्या आठवड्यात कॉलेजच्या वर्गात कॉस्टिंग चालू होतं. मास्तर फळ्यावर लिहीत होते आणि मी बाकाखाली मूठ वळत होतो.

ते गृहस्थ आले, घडीची खुर्ची जाळीमागे टाकली आणि काळा चष्मा लावून बसले. सामना तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा होता. मी प्लेटवर, सर बेसवर. कसा कोण जाणे, पण त्या दिवशी माझा आवाज आला. पहिल्याच स्ट्राइकला कॅचर दचकला. फलंदाजाने नाक मुरडलं, खुर्च्यांमधून एका आईने "अहो, काहीतरीच काय!" अशा अर्थाचं काही म्हटलं, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही. चेंडू येत होते, मी सांगत होतो, आणि माझी मान सरांकडे वळत नव्हती. मुखवट्याच्या आत मी हसत होतो.

शेवटचा डाव. दोन्ही संघांच्या धावा सारख्या. फलंदाजी करणाऱ्यांचे दोन आउट झालेले, त्यांचा एक धावपटू तिसऱ्या बेसवर. तो माझ्यापर्यंत, म्हणजे प्लेटपर्यंत पोचला तर धाव आणि सामना. पण फलंदाज पहिल्या बेसवर पोचायच्या आधी चेंडू तिथे पोचला तर तो तिसरा आउट, आणि धाव धरायची नाही.

फलंदाजाने चेंडू जमिनीवरून मारला. तिसऱ्या बेसकडच्या मुलाने तो उचलून पहिल्या बेसवर फेकला. फेक वाकडी, मैदानाच्या आतल्या बाजूला. तिथल्या मुलाने लांब ताणून चेंडू घेतला. त्याचा एक पाय बेसला टेकलेला असायला हवा. सर पलीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभे होते, गुडघ्यांमुळे पुढे येता येता राहून गेले. तिथूनच त्यांनी मूठ वळली, "आउट!"

मी प्लेटवरून सरळ बघत होतो. त्या मुलाची टाच आणि बेस यांच्या मधे मला वाळू दिसली होती.

फलंदाजी करणाऱ्या संघाचा कोच हात पसरून मैदानात धावला. "पाय नव्हता! पाय नव्हता!" मी गप्प उभा. जोडीदाराने विचारल्याशिवाय त्याच्या निकालावर बोलायचं नाही, हा या धंद्यातला पक्का नियम. आणि खरं सांगायचं तर मी मनात म्हणत होतो, सर, विचारू नका. जाळीमागे काळा चष्मा होता. ज्यांनी मला मूठ वळायला शिकवली त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडायचं? आणि नाही पाडलं तर त्या काळ्या चष्म्यालाही वाळू दिसली असेलच की.

सरांनी कोचला हाताने थांबवलं आणि ते माझ्याकडे चालत आले. आम्ही दोघं सगळ्यांपासून दूर उभे राहिलो.

"पाय?" त्यांनी विचारलं.

"सर, मला वाटतं, कदाचित..."

"कदाचित घरी ठेव. होता की नव्हता?"

त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मी क्षणभर थांबलो.

"नव्हता, सर. मधे वाळू दिसली."

 ते वळले, दोन्ही हात आडवे पसरले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "सेफ! रन काउंट्स!"

एका बाजूला जल्लोष, दुसऱ्या बाजूचा कोच तरातरा अंगावर आला. "तुम्ही आउट दिलं होतं! आता हा पोरगा ठरवणार का?"

"पोरगा नाही," सर म्हणाले. "माझा जोडीदार आहे. मी विचारलं, त्याने सांगितलं. सामना संपला. घरी जा, पोरांना जेवायला घाल."

पार्किंगमध्ये मी कवच पिशवीत कोंबत होतो, तेव्हा बहारीनचे गृहस्थ खुर्ची काखेत मारून आले.  "खालचे चेंडू तू चुकवतोस," ते म्हणाले. "गुडघ्याखालचे तीन-चार स्ट्राइक दिलेस. वाकायला शीक."

"येस सर."

"आणि तो पाय. तो विचारल्यावर तुला एवढा वेळ का लागला?"

 "ते माझ्यापेक्षा मोठे आहेत," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. डोळे हसरे निघाले, ही माझी अपेक्षा नव्हती. "गुरुवारी सकाळचा पहिला सामना. थर्ड बेस. राखाडी पँट आहे का?"

"आहे!" मी म्हणालो. नव्हती. होती ती शाळेच्या युनिफॉर्मची, दोन वर्षांपूर्वीची.

ते गेल्यावर मी वळलो तर सर गाडीला टेकून उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. स्पर्धेत प्लेटवर एक आणि प्रत्येक बेसवर एक असे चार अंपायर असतात. "थर्ड बेस," मी तरीही सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. तिथे काही घडत नाही. जागा रहा." आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढे गेलो.

घरी बाबांचा पहिला प्रश्न होता, "थर्ड का? फर्स्ट कुणाला दिला?" आईने युनिफॉर्मच्या पँटची खालची शिवण उसवली, आत दुमडलेलं सगळं कापड सोडलं आणि इस्त्री कितीतरी वेळा फिरवली, तरी जुनी रेघ राहिलीच. "लांबून नाही दिसणार," ती म्हणाली. "तू धावत राहा."

गुरुवारी बाबांनी सुट्टी टाकली. कंपनीच्या पिकअपमधून ते आणि कुसैसच्या ग्राउंडवरचे चार-पाच जण आले. अमेरिकन लोकांच्या खुर्च्या आणि बर्फाच्या पेट्यांच्या शेजारी त्यांनी सतरंजी अंथरली आणि चिवड्याचा डबा उघडला. तिसरा बेस त्या बाजूलाच असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"काय रे, ह्याच्याकडे बॉल येतच नाही की."

"फुकटचा उभा केलाय पोराला उन्हात."

"गप रे," बाबा म्हणाले. "त्याची ड्यूटी आहे ती."

"अंपायरसाहेब, चिवडा खाणार काय?"

मी मान वळवली नाही. हात गुडघ्यांवर टेकून, पांढऱ्या रेषेवर नजर ठेवून उभा राहिलो. माझी जबाबदारी ती रेष. चेंडू रेषेच्या आत किंवा रेषेवर पडला तर खेळ चालू, बाहेर पडला तर तो चेंडू बाद. एक डाव गेला, दुसरा गेला. काहीच आलं नाही. तरी मला पायात मुंग्या आल्यासारखं होत होतं, आणि त्या उन्हाच्या नव्हत्या. मी निवडला गेलो होतो. ज्याला माझं नावही नीट म्हणता येत नव्हतं अशा माणसाने मला निवडलं होतं.

तिसऱ्या डावात कुवेतच्या एका दांडग्या मुलाने बॅट फिरवली. आवाजावरूनच कळलं की चेंडू लांब जाणार. तो माझ्या डोक्यावरून, रेषेच्या अगदी वरून निघाला. मी वळलो आणि धावत सुटलो. मागे सतरंजीवरची सगळी मंडळी उठून उभी राहिल्याचं मला कळलं. चेंडू खाली आला आणि रेषेवरच्या चुन्याचा पांढरा धुरळा उडाला.

मी थांबलो. बघितलं. क्षणभर तसाच राहिलो. मग पूर्ण हात लांबवून मैदानाच्या आत दाखवला, आणि चेंडू जिकडे घरंगळत होता तिकडे पुन्हा धावायला लागलो.